भात टाकायची शिट्टी

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आलो एकदाचे कल्याणला. एक कुंडी फुटली, मिक्सर टेम्पोत उलटा पडून आला, बाकी संसार धडधाकट आहे. ही डायरी आईने निघताना हातात ठेवली. म्हणाली, नव्या गावात तुझी टकळी ऐकायला कोणी भेटेपर्यंत हिचे कान खा.

सुदेशची दौंडहून बदली झाली तेव्हा मी दहा बाय दहाच्या खोलीची मनाशी तयारी केली होती. आणि बघते तर काय, काळ्या दगडाचं बैठं घर, वर कौलं, हातभर जाड भिंती. साहेबाच्या काळात रेल्वेने ड्रायव्हर लोकांसाठी बांधलेल्या ओळीतलं शेवटचं. हल्ली ड्रायव्हरला लोको पायलट म्हणायचं, पण आमच्या घरात अजून ड्रायव्हरच चालतं. छत एवढं उंच की जळमटं काढायला दोन केरसुण्या एकीला एक बांधल्या. सुदेश स्टुलावर उभा राहून झाडत होता आणि सगळं खाली माझ्याच डोक्यावर पडत होतं. वर मलाच म्हणाला, काय गं, एका दिवसात पिकलीस.

स्वयंपाकघर मला फार आवडलं. दगडी ओटा, त्यावर विटांचं जुनं धुराडं. ते तोंडाशी बुजवलंय, आमचा गॅस त्याच्याच खाली मांडला. खिडकीतून अख्खं यार्ड दिसतं. डावीकडे कसाऱ्याकडून येणारी लाइन वळण घेते, समोर रूळच रूळ, आणि त्यांच्या पार पलीकडे लॉबीची इमारत, जिथे सुदेश ड्युटीवर जाताना आणि उतरल्यावर सही करणार. कंपाउंडच्या भिंतीला एक भगदाड आहे, त्यातून सगळे ड्रायव्हर रूळ ओलांडून घरी येतात.

शेजारच्या मायावहिनी पोहे घेऊन आल्या. त्यांचे मिस्टर शेडमध्ये फिटर आहेत. हे घर बरीच वर्षं बंद होतं म्हणाल्या. मी विचारलं का, तर म्हणाल्या, हल्ली सगळ्यांना लिफ्ट लागते. मला नाही लागत. दूध उतू घातलं, देवाजवळ दिवा लावला. बरं वाटतंय.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दुपारी बाराच्या सुमारास वळणाकडून शिट्टी आली. दोन आखूड, एक लांब. इंजिनांचे भोंगे दिवसभर ऐकतेच आहे, पण ही बारीक होती, शेवटाला जराशी चढणारी. कोणी लांबून नावाने हाक मारावी तशी. मी हातातली पोळी तशीच धरून उभी राहिले.

संध्याकाळी मायावहिनींना विचारलं. त्यांना आज काहीच ऐकू आलं नव्हतं, पण गोष्ट मात्र झकास सांगितली. पूर्वी या ओळीतला प्रत्येक ड्रायव्हर त्या वळणावर आपली वेगळी शिट्टी द्यायचा. बायकोने ओळखायची आणि शेगडी पेटवून भात टाकायचा. तो इंजिन लावून, लॉबीत सही करून, रूळ ओलांडून येईपर्यंत पाऊण तास जायचा आणि भात बरोबर वाफेवर असायचा. घरातून उत्तर म्हणजे धूर. यार्डातून चालताना आपल्या धुराड्यावर धूर दिसला की माणूस झपझप पाय उचलायचा. आता गॅस आला, फोन आले, गेलं सगळं.

मी म्हटलं, पण ड्युटीवर फोन तर बंदच ठेवावे लागतात. कधी येणार ते कुठे कळतं अजून? वहिनी म्हणाल्या, ते मात्र खरं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

चार दिवस शिट्टीसाठी सुदेशच्या मागे लागले होते. शेवटी कबूल झाला. उगाच भोंगा वाजवला तर मेमो मिळेल म्हणत होता, पण वळणावर शिट्टीची पाटी आहे, तिथे वाजवावाच लागतो. मग तोच आपल्या तऱ्हेने वाजवायचा. कुठली तऱ्हा, म्हणाला. मी म्हटलं दोन आखूड, एक लांब. कानात तीच बसली होती.

आज सव्वाचारला वाजली. आमच्या इंजिनाचा भसाडा भोंगा, पण दोन आखूड, एक लांब! मी पातेल्यात इंद्रायणी टाकला. खिडकीतून बघत राहिले, आणि पाच वाजता रुळांमधून तो येताना दिसला, पाठीवर पिशवी, चाल अगदी नवरदेवाची. भाताची वाफ चष्म्यावर धरली त्याची. लग्नाला सहा वर्षं झाली, पण असं वाट बघणं मी पहिल्यांदा केलं. वेडेपणा आहे, मला माहीत आहे. मला हवा होता तो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज चुकले. बाराला शिट्टी आली ती बारीकवाली होती, हे भात टाकल्यावर लक्षात आलं. सुदेश दुपारी तीनपर्यंत येणार होता, मला वाटलं लवकर सुटला. पाऊण तास झाला, कोणी नाही. दोरीवरचे कपडे काढायला मागे गेले. परत आले तर घरात दगडी कोळशाचा ओला वास. झाकण काढलं. पाच मिनिटांपूर्वी वाफाळणारा भात फ्रिजमधून काढल्यासारखा गार होता.

सुदेश पावणेचारला आला. घराच्या तोंडाशी येऊन आउटर सिग्नलला पाऊण तास उभा होता म्हणे. लाल म्हणजे लाल. त्याला भात नको होता. मी तो गार भात टाकून दिला आणि काहीच सांगितलं नाही.

४ डिसेंबर, बुधवार

पुन्हा तसंच. बारीक शिट्टी आली, मी आधी हलले नाही. मग वाटलं, सुदेशचीच असली तर? दुसरं इंजिन दिलं असेल, त्याचा आवाज वेगळा असेल. टाकला भात.

या वेळी स्वयंपाकघरातच बसून राहिले. पाऊण तासाने भगदाडाजवळ खडी वाजली. मग मागच्या दाराबाहेर कोणीतरी बूट झटकले, एक, दोन. दार उघडलं नाही. पण घरात माणूस आला की खोली जशी जराशी भरते, तशी भरली. पातेल्यावरची वाफ एकदम खाली बसली. मी हात जोडून बसले होते, कोणाला ते माहीत नाही. वाईट काही वाटलं नाही, हेच विचित्र. फार दमलेलं काहीतरी आलंय एवढंच वाटलं, आणि मला रडू आलं.

सुदेश आज तीन तास आउटरला अडकला.

रात्री जेवताना सगळं सांगितलं त्याला. हसला नाही. म्हणाला, एकटी असतेस दिवसभर, आईला बोलावून घेऊ का.

७ डिसेंबर, शनिवार

मायावहिनींकडून नाव काढलं. या घरात प्रभाकर नावाचे ड्रायव्हर राहायचे. त्यांच्या पत्नी मंदाकिनीकाकू आता डोंबिवलीला असतात, पूर्वेला, एकट्याच. आज दुपारी जाऊन आले.

पंचाहत्तरीच्या आहेत, ताठ, साडीला इस्त्री, बोलणं मोजून. नवरा गेल्यावर त्यांना रेल्वेतच नोकरी मिळाली आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. मी दोन आखूड, एक लांब म्हटलं आणि त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

मग त्यांनी सांगितलं. १९७९ सालची गोष्ट. ठाण्याला त्यांच्या धाकट्या बहिणीचं केळवण होतं. दोघांनी जायचं ठरलं होतं आणि प्रभाकर आदल्या रात्री दुसऱ्या कोणाची ड्युटी घेऊन निघून गेले. सकाळपासून काकू नेसून बसल्या होत्या. बाराला शिट्टी आली.

"ऐकली मी," काकू म्हणाल्या. "अगदी स्वच्छ ऐकली. आणि मुद्दाम बसून राहिले. म्हटलं, एक दिवस येऊ देत थंड चुलीवर."

प्रभाकर यार्डाच्या मधोमध आले. धुराड्यावर धूर नव्हता. बायको केळवणाला निघून गेली, घरात कोणी नाही असं समजून ते कँटीनकडे वळले. तेवढ्यात मागून शंटिंगला ढकललेले डबे आले. काकू खिडकीतच उभ्या होत्या.

क्वार्टर सोडेपर्यंत अकरा महिने त्या रोज भात टाकत होत्या. शिट्टी कधी आली नाही. माझ्या चुकीचा राग धरून बसलेत असं वाटायचं, म्हणाल्या.

मी म्हटलं, काकू, मला ऐकू येते. मी भात टाकला की ते येतात आणि माझा नवरा बाहेर अडकतो. काकू खुर्ची पुढे सरकवून बसल्या. मला वाटलं आता काहीतरी उपाय सांगतील.

"भात कसा केलास?" त्यांनी विचारलं. "मऊ? ह्यांना मोकळा लागायचा."

निघताना दारात माझा हात धरला आणि म्हणाल्या, शिट्ट्या काय कमी होत्या, तीच का घेतलीस तू? मी फक्त ऐकली आणि उचलली, शेजारणीची रांगोळी बघून आपल्या दारात काढावी तशी.

१२ डिसेंबर, गुरुवार

सुदेशला शिट्टी बदलायला लावली. आता एकच लांब.

दोन दिवस शांत गेले. आज बाराला वळणाकडून एकच लांब शिट्टी आली. बारीक. शेवटाला चढणारी.

१४ डिसेंबर, शनिवार

आज ठरवून भात टाकला नाही. शिट्टी आली, मी कानात कापूस घालून पुढच्या खोलीत बसले. गॅस बंद, सिलिंडरही बंद.

सुदेश दीडला आला. वेळेवर, पण गुडघा फुटलेला, पँट फाटलेली, तोंड पांढरं. रूळ ओलांडताना एकदम वाटलं, घरात कोणी नाही. म्हणून कँटीनकडे वळला. मागून इंजिन येत होतं, आपण मागे बघितलंच नाही, असं म्हणाला. बारा वर्षं रुळांवर वावरणारा माणूस! खडीत पाय घसरून बाजूला पडला म्हणून वाचला.

मी जखम पुसत विचारलं, घरात कोणी नाही असं का वाटलं तुला?

"धुराड्यावर धूर नव्हता ना," म्हणाला.

आमच्या धुराड्यावर धूर कधी होता?

१९ डिसेंबर, गुरुवार

भात टाकला तर सुदेश बाहेर राहतो. नाही टाकला तर सुदेश वळतो. सोमवारी टाकला होता. अकरा तास उशीर. पुढच्या वेळी किती?

क्वार्टर बदलून मागितलंय. जानेवारीत मिळेल. मी म्हटलं तोवर लॉजवर राहू. सुदेश हो म्हणाला. काल दुपारी लॉजच्या खोलीत बसले होते. स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला, तिसरा मजला. तिथेही आली शिट्टी. आणि सुदेश ड्युटीवरून उतरून चालतच इथे, या घरी आला. लॉज विसरलाच होता म्हणे. वाचला, एवढंच. परत आलो आम्ही. निदान इथे खिडकी आहे. तो दिसतो तरी.

रस्त्याने वळसा घालून ये म्हणते रोज. हो म्हणतो. आणि रुळांतूनच येतो. आठवत नाही म्हणतो.

तो झोपला की त्याच्या तळपायांकडे बघत बसते. मला दुसरं काही नको. हे दोन पाय घरात यायला हवेत.

२३ डिसेंबर, सोमवार

काकूंना फोन केला. मी रडत होते. म्हटलं, ती शिट्टी तुमची आहे. तुम्ही या आणि तुमच्या माणसाला भात घाला. मी माझ्या माणसाला घालते.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, कोळसा आहे का तुझ्याकडे?

२७ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी साडेदहा

काकू आल्या. केळवणाला नेसली होती ती साडी नेसून. जांभळी, घड्यांवर विरलेली. पिशवीत पितळी पातेली आणि जुना तांदूळ.

मी धुराड्याचं बुजवलेलं तोंड फोडून मोकळं केलंय. एका बाजूला त्यांची शेगडी, दुसऱ्या बाजूला माझा गॅस. एका ओट्यावर दोन भात. सुदेश साडेअकरापर्यंत वळणावर येईल. आज पहिल्यांदा वाटतंय की सुटेल हे.

साडेअकरा

शिट्टी. बारीक. दोन आखूड, एक लांब. जुनीच.

काकूंनी ऐकली. या घरात माझ्याशिवाय पहिल्यांदाच कोणीतरी ऐकली. त्यांनी डोळे मिटले. मग शेगडी फुंकली, तांदूळ वैरला.

बारा वाजून पाच

बूट झटकल्याचा आवाज आला. काकू माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, पाच मिनिटं मला एकटीला दे. पंचेचाळीस वर्षांचं बोलायचं आहे.

मी पुढच्या खोलीत आले. कशी नाही म्हणणार?

स्वयंपाकघराला आतून कडी लावली त्यांनी.

बारा वाजून दहा

आता भसाडा भोंगा. सुदेश. एकच लांब.

दार वाजवतेय. काकू उघडत नाहीत. आत बोलणं ऐकू येतंय. एक आवाज काकूंचा. हसतायत. वयाने लहान झाल्यासारखा आवाज.

माझा तांदूळ आत. गॅस आत.

साडेबारा

स्वयंपाकघराचं मागचं दारही आतून बंद. खिडकीला गज. आत बघितलं — धूरच धूर, कोळशाचा, आणि पाटावर काकू, पान वाढलेलं, समोर — नाही लिहीत.

हाका मारल्या. काकूंनी मान वर केली नाही. शेगडी विझत आलीय. त्यांचा भात झाला. वर धुराड्यातून आता काही येत नाही.

मायावहिनींच्या दाराला कुलूप. मोहन्याला गेल्यात बहिणीकडे.

बारा पन्नास

यार्डात मालगाडी आडवी उभी आहे. लांबच लांब. डब्यांच्या फटीतून पलीकडे बघतेय. लॉबीच्या दारात निळा शर्ट. तोच. निघाला.

फोन लावला. वाजतोय. तो खिशातून काढून बघतो आणि परत ठेवतो.

भगदाडातून पुढे धावले. मालगाडी हलायला लागली. चाकं. पलीकडे जाता येत नाही. ओरडले. त्या खडखडाटात मलाच माझा आवाज येत नाही.

डब्यांवरून त्याला फक्त आमचं छप्पर दिसत असणार. आणि धुराडं.

धूर हवा. नुसता धूर.

अंगणात परत आले. पाला आहे, ओला आहे. काडेपेटी पुढच्या खोलीतली, देवाजवळची. कागद दुसरा नाही — डायरी — मागची कोरी पानं फाडली, पेटवली. धूर होतोय. वर जातोय. छपराच्या वर जायला हवा. लिहितेय कारण थांबले तर पुन्हा त्या चाकांकडे धावेन.

सुदेश थांबलाय. फटीतून दिसतो, दिसत नाही, दिसतो. रुळांच्या मध्ये. घराकडे बघतोय.

बघ. बघ ना. आहे मी घरात. केळवणाला नाही गेले. कुठेच नाही गेले.

पाय वळवला त्याने. नाही — हो — परत छपराकडे बघतोय. धूर कमी पडतोय. कोरी पानं संपली. नोव्हेंबरची राहिलीत. तो भाताच्या वाफेचा दिवस. तेही

नको, पाल्याने पेट घेतला. धूर चढतोय, चढतोय, सुदेश, इकडे, इकडे बघ, मी भात टा